एकेचाळीस मोल्ड

मूल सहा महिन्यांचं असो नाहीतर सहा वर्षांचं, त्याचा कान वाढायचा थांबत नाही. ही साधी गोष्ट इस्पितळातल्या एकाही फॉर्मला ठाऊक नव्हती. ऐकू न येणाऱ्या मुलाला कानाचं मशीन मिळायचं. ते कानात घट्ट बसावं म्हणून त्याच मुलाच्या कानाच्या आकाराचा प्लास्टिकचा एक तुकडा करावा लागायचा. त्याला मोल्ड म्हणत. मोल्डसाठी कानात मऊ लगदा भरायचा, आणि तो घट्ट झाला की निघणारा ठसा म्हणजे माप. मग ते माप या टेबलावरून त्या टेबलावर सहीसाठी, शिक्क्यासाठी आणि पुन्हा सहीसाठी फिरायचं. तीन महिन्यांनी मोल्ड हातात पडायचा, तोवर कान पुढे निघून गेलेला असायचा. सैल मोल्डच्या फटीतून आवाज बाहेर गळतो, मशीनच्या माईकमध्ये परत शिरतो, आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. मग आया मशीन काढून कपाटात ठेवून देत, आणि मूल होतं तिथेच राहायचं.

ताईने त्या विभागात सोळा वर्षं मोल्ड बनवले. घरातली थोरली म्हणून ती आधी धाकट्या भावाची ताई झाली, मग आईवडीलही तिला ताईच म्हणू लागले, आणि इस्पितळातही तेच नाव चिकटलं. तिचं शिक्षण विज्ञानाचं, आवाज हळू आणि बोलणं मोजकं. तिने एकदा सहा महिने टिपणं ठेवून साहेबांना दाखवलं होतं की काम दोन दिवसांचं आहे आणि वाट नव्वद दिवसांची. साहेब म्हणाले, "ताई, तुमचं अगदी बरोबर आहे." पुढच्या वर्षीही ते हेच म्हणाले. तुमचं बरोबर आहे, हे ऐकून ऐकून तिचे कान किटले. बेचाळिसाव्या वर्षी तिने राजीनामा दिला. स्वतःचं दुकान काढायचं आणि माप घेतल्यापासून आठ-नऊ दिवसांत मोल्ड हातात द्यायचा, एवढाच तिचा बेत होता.

आई म्हणाली, "बसल्या जागची नोकरी सोडून दुकान! बरं, जागा कुठे आहे बाईसाहेबांची?"

जागेचा प्रश्न बाबांनी सोडवला. ते घड्याळं दुरुस्त करत. रस्त्याला लागून दहा बाय आठची खोली होती. तिला काचेचं दार, आत एक लांब बाक आणि वाकवता येणारा दिवा. अख्खा रस्ता त्यांना घड्याळकाका म्हणायचा. वय एकाहत्तर, हात अजून स्थिर, कान मात्र गेली तीन वर्षं साथ देत नव्हते. उजव्या कानात ते मशीन लावत, आणि त्याचा मोल्ड अर्थात ताईनेच केलेला होता.

"जागा शोधतेस म्हणे?" एका सकाळी त्यांनी विचारलं.

"बघतेय."

"कशाला बघतेस? आहे की."

"कुठे?"

"मी बसतो तिथे."

"आणि तुम्ही कुठे बसणार?"

"मी तिथेच बसणार. तू एक दुसरं स्टूल आण म्हणजे झालं."

ताईला वाटलं, थट्टा करताहेत. पण आठवड्याभरात त्यांनी पाटी उतरवली. दुरुस्तीला आलेली शेवटची सात घड्याळं त्यांनी स्वतः घरोघर जाऊन परत केली. महिन्याला चार-पाच गिऱ्हाइकं यायची, तीही गप्पा मारायला, असं ते म्हणाले. परतताना मात्र ते नेहमीपेक्षा लांबच्या रस्त्याने आले, हे ताईच्या लक्षात आलं होतं.

"बापलेकीची कंपनी," आई म्हणाली. "एक बोलत नाही आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही. गिऱ्हाईक आलं तर काय, खाणाखुणा करणार?"

"मी कंपनीत नाही," बाबा म्हणाले. "मी काम शिकायला, उमेदवारीला लागलोय. मालकीणबाई ठेवून घेतील तोवर राहायचं."

"एकाहत्तराव्या वर्षी उमेदवारी!"

"पंधराव्या वर्षी पहिली केली. तेव्हाही माझ्या आईला असंच हसू आलं होतं."

आणि खरोखर ते उमेदवारासारखेच वागायचे. ताईच्या आधी दुकान उघडायचे, बाक पुसून घ्यायचे, तिची हत्यारं आकारमानाप्रमाणे ओळीने मांडून ठेवायचे. डोळ्याला भिंग लावून ते घासायच्या सुईसारख्या बारीक कानशीवर झुकले की ताईला वाटायचं, आपण इतकी वर्षं कुठे होतो? घासण्या-पॉलिशचं जे कसब शिकायला तिला इस्पितळात वर्ष लागलं, ते सरावाच्या तुकड्यांवर बाबांच्या बोटांना तीन दिवसांत आलं.

पहिलं काम बहिऱ्या मुलांच्या शाळेचं होतं. शाळेच्या मोठ्या बाई ताईला इस्पितळापासून ओळखत. उंच, कोरड्या स्वभावाच्या; वर्गात शिरल्या की ज्यांना ऐकू येत नाही ती मुलंही गप्प व्हायची. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "सव्वीस मुलं, एकेचाळीस मोल्ड, नऊ दिवस. नीट बसले तर पूर्ण शाळेचं वर्षाचं काम तुमचं. नाहीतर आम्ही आहोत आणि इस्पितळ आहे."

एवढ्यावर सगळं होतं. शाळा मिळाली तर दुकान चालणार होतं. नाही मिळाली तर राजीनामा परत घेता येणार नव्हता, आणि बाबांची उतरवलेली पाटी पुन्हा चढवण्यात काही अर्थ नव्हता.

दोन दिवस शाळेत बसून ताईने मापं घेतली. एका सहा वर्षांच्या मुलीला शिक्षिका भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. कानात गार लगदा गेला तशी ती इतकी हसली की माप दुसऱ्यांदा घ्यावं लागलं. मग दोन दिवस मापांवरून प्लास्टिकचं ओतकाम झालं. पाचव्या दिवशी घासायला सुरुवात झाली.

"माप जसं आहे तसंच ठेवायचं," ताईने सांगितलं. "फक्त कडा मारायच्या आणि पॉलिश करायचं."

बाबांनी एक मोल्ड दिव्याखाली फिरवला. वरच्या बाजूला एक चिमुकलं टोक होतं. ते कानाच्या वरच्या घडीखाली जाऊन अडकतं. आणि कानात शिरणाऱ्या नळीवर, कान वळतो त्या जागी, किंचित उंचवटा होता.

"हे टोक कशाला? आणि हा फुगवटा?"

"ते आकारातच आहे. असू दे," ताई म्हणाली.

तिने एवढंच सांगितलं. ते टोक आणि तो फुगवटा नसेल तर मोल्ड कानात टिकत नाही, ती दोन्ही तिथे अडकण्यासाठीच असतात, ही दोन वाक्यं तिला सहज सांगता आली असती. पुढे कितीतरी दिवस ती ही दोन वाक्यं मनातल्या मनात पुरी करत राहिली. त्या सकाळी बाबांनी पहिले सहा मोल्ड तिच्यासमोर केले. सहाही तिने मापाशी जुळवून पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

सहाव्या दिवशी तिला परवान्यासाठी जावं लागलं. धंदा सुरू करणाऱ्या माणसाला सगळ्यांत कमी वेळ धंद्यासाठी मिळतो, हे तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं. खिडकीतल्या कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं.

"कानाचा मोल्ड, कानाचा मोल्ड... नाही बुवा. कानात घालायचं आहे ना? मग दागिने लिहितो."

"दागिने नाहीत ते. ऐकायच्या मशीनचा भाग आहे."

"मग यंत्रसामग्री. बॉयलर आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग यंत्रसामग्री कशी होईल?"

शेवटी तिला दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाठवलं. त्या खिडकीने पहिल्या खिडकीचा शिक्का मागितला. असे दोन दिवस गेले.

त्या दोन दिवसांत बाबा एकटे होते, आणि त्यांनी विचार केला. पन्नास वर्षं त्यांनी एकच धर्म पाळला होता: जिथे दोन वस्तू एकमेकींना भेटतात तिथे घर्षण नको. चक्राच्या दात्यावर केसाएवढी खरखर राहिली तर घड्याळ मागे पडतं. त्यांच्या स्वतःच्या मोल्डचं टोक त्यांना तीन वर्षं थोडं टोचत होतं. मुलीने केलेलं, म्हणून ते बोलले नव्हते. आता त्यांनी तो मोल्ड काढला, भिंगाखाली धरला, टोक घासून उतरवलं, फुगवटा गुळगुळीत केला आणि पॉलिश मारलं. मोल्ड कानात अलगद सरकला. टोचणं थांबलं. ऐकू तर पहिल्यासारखंच येत होतं. मग त्यांच्या मनात आलं, आपल्या निबर कानाला एवढं बरं वाटतं, तर त्या पोरांचे कान किती कोवळे असतील!

त्यांनी एकेचाळीसच्या एकेचाळीस मोल्ड तसेच केले. ताईने पाहिलेले पहिले सहाही पुन्हा हातात घेतले.

त्या संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा तिचे पाय सुजले होते. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "तुझे बाबा दुपारपासून शिट्ट्या मारतायत. या वयात कोणाला बघून, तेवढं विचार."

"हिची नजर असते माझ्यावर, म्हणून तर मारतो," बाबा म्हणाले.

ताई हसली. बाबांच्या कानातून बारीक कुईकुई येत होती. "मोल्ड नीट बसला नाही, बाबा. आत ढकला." त्यांनी तळव्याने ढकलला, आणि आवाज बंद झाला. ताईला बरं वाटलं. ती पाय पाण्यात घालून बसली.

आठव्या दिवशी सकाळी दुकानात पांढऱ्या कापडावर एकेचाळीस मोल्ड ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाच्या शेजारी चिठ्ठी, बाबांच्या टपोऱ्या अक्षरांत मुलाचा क्रमांक आणि कान डावा की उजवा. काचेच्या दारातून येणारा उजेड त्यांच्यावर असा पडला होता की प्रत्येकात एक-एक पांढरा ठिपका चमकत होता. सोळा वर्षांत तिने इतकं स्वच्छ काम पाहिलं नव्हतं.

इस्पितळात तिचा एक नियम होता. मोल्ड बाहेर जाण्याआधी डाव्या हातात मूळ माप, उजव्या हातात मोल्ड, मध्ये भिंग, आणि दोन्ही एकदम फिरवायचे. नियम तिने एकदाही मोडला नव्हता, साहेबांच्या नातवाच्या मोल्डलाही नाही. आताही सवयीने तिचा हात मापांच्या खणाकडे गेला. मग तिला मागे बाबा दिसले. हात पाठीमागे बांधून ते निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे उभे होते. आपण भिंग धरून बाबांचं काम तपासायचं? त्यांच्यासमोर? तिला लाज वाटली. तिने खण लोटून दिला.

"सुंदर झालेत, बाबा," ती म्हणाली.

"उद्या मीही येतो शाळेत," बाबा म्हणाले. "पोरांना ऐकू येताना बघायचंय."

नवव्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मधल्या वर्गात सव्वीस मुलं भिंतीला लागून बसली होती. तीन शिक्षिका आणि मोठ्या बाई समोर. ताईने पहिल्या मुलाच्या कानात मोल्ड बसवला, मशीन सुरू केलं. ठीक होतं. दुसरा, तिसरा. चौथ्या मुलाला बसवत असताना पहिल्याने मान वळवली आणि त्याच्या कानातून शिट्टी वाजली.

ताईने मागे जाऊन मोल्ड आत दाबला. शिट्टी थांबली. हात काढला, पुन्हा वाजली. तेवढ्यात तिसऱ्याची सुरू झाली. मग दुसऱ्या मुलीची, दोन्ही कानांतून, दोन वेगवेगळ्या सुरांत. ताई एकेक मोल्ड बसवत गेली, कारण थांबायचं कसं ते तिला सुचेना. दहा मुलं झाली, पंधरा झाली. मुलं हसली की मोल्ड सरकायचा, जबडा हलला की सरकायचा. थोडं कमी ऐकू येणाऱ्याचं मशीन थोडाच आवाज करतं, त्याला फट चालून जाते. या मुलांची मशीनं पूर्ण जोरावर होती. वर्गभर ती टोकदार, सुईसारखी शिट्टी भरून राहिली. एक शिक्षिका कानांवर हात ठेवून बाहेर गेली. मुलांपैकी बहुतेकांना काहीच कळत नव्हतं. ती मोठ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती.

आणि वर्गाच्या मधोमध बाबा हसत उभे होते.

वय झालं की कानातून सगळ्यांत आधी उंच, बारीक आवाज जातात. ताईला हे कोणी सांगायला नको होतं. बाबांच्या कानाचा आलेख तिने स्वतः काढलेला होता, उंच आवाजांच्या बाजूला कड्यासारखा खाली घसरलेला. ही शिट्टी त्या कड्याच्या पलीकडची होती. भिंगरीने खुदकन हसून मान हलवली तसा तिच्या कानातला मोल्ड निसटला आणि बाबांच्या ओंजळीत पडला. त्यांनी तो रुमालाने पुसला, अगदी हळुवारपणे तिच्या कानात सरकवला आणि अंगठा उंचावून दाखवला. भिंगरीनेही अंगठा दाखवला. तिच्या कानातून शिट्टी वाजत होती. बाबांनी ताईकडे बघून मान डोलावली: बघ, कसा अलगद गेला.

मोठ्या बाईंनी ताईला व्हरांड्यात बोलावलं.

"हे कोणी केलं?"

"माझ्या दुकानात झालंय. जबाबदारी माझी."

"मी ते विचारलं नाही. तुमच्या हातचे मोल्ड मी दहा वर्षं बघतेय. हा हात तुमचा नाही."

ताईची नजर दारातून आत गेली. बाईंची नजरही तिच्या मागोमाग गेली. आत बाबा एका मुलाला चुटकी वाजवून दाखवत होते.

"वडील?"

"हो."

बाई दारापासून बाजूला झाल्या. त्या बोलल्या तेव्हा आवाज कोरडाच होता, पण हळू होता. "आठ दिवस आणखी देते. दुसऱ्या कोणाला दिले नसते. पण मला शब्द हवा. मोल्डला तुमच्याशिवाय कोणाचा हात लागणार नाही. या मुलांनी आधीच कपाटात खूप मशीनं ठेवलीत."

"दिला शब्द," ताई म्हणाली.

एका श्वासात म्हणाली. विचार करायला तिने एक क्षणही घेतला नाही, हे तिला घरी जाताना कळलं. बाबा शेजारून चालत होते आणि बोलत होते. त्या छोटीने कसा अंगठा दाखवला, तो जाड भिंगाचा चष्मा लावलेला मुलगा कसा चुटकीकडे वळला. मोल्ड परत का आणले, असं त्यांनी मध्येच विचारलं. "थोडं काम राहिलंय," ताई म्हणाली. "होणारच," बाबा म्हणाले, "पहिला घाणा आहे."

दुसऱ्या दिवशी ती लवकर दुकानात गेली, तरी बाबा तिच्या आधी आलेले होते. बाह्या दुमडून, भिंग कपाळावर चढवून बसले होते. ताईने मापांचा खण उघडला. डाव्या हातात माप, उजव्या हातात मोल्ड. पहिल्यातच दिसलं. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. तिने बाबांकडे पाहिलं आणि तिला त्या संध्याकाळची त्यांच्या कानातली कुईकुई आठवली.

"तुमचा मोल्ड जरा काढून द्या."

त्यांनी काढून दिला. टोक नव्हतं, फुगवटा नव्हता. इतका गुळगुळीत की बोटांत धरवेना.

"हे कधी घासलंत?" तिने विचारलं. मग तिच्या लक्षात आलं की त्यांना आता काही ऐकू येत नाहीये.

"जरा मोठ्याने," बाबा म्हणाले आणि कानामागे हात धरून पुढे झुकले.

ती आयुष्यात कधी मोठ्याने बोलली नव्हती. शाळेत बाई तिला उभं करून म्हणत, भिंतीला ऐकू जाऊ दे. तिने मोल्ड त्यांना परत द्यायला हवा होता. तो लावून त्यांना जेमतेम का होईना, हळू बोललेलं कळलं असतं. पण मोल्ड तिच्या मुठीत होता आणि मूठ उघडत नव्हती.

"तुम्ही टोक घासलंत," ती म्हणाली.

"काय?"

"टोक घासलंत! सगळ्यांची! म्हणून ते बसत नाहीत!"

समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं.

"टोचत होतं ते," बाबा म्हणाले. "पोरांना टोचेल म्हणून..."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं होतं ना, असू दे!" तिचा आवाज फाटला, पण आता तो खाली येईना. "तुम्ही आता हात लावायचा नाही! मोल्डला हात लावायचा नाही! मी शाळेला शब्द दिलाय!"

हे मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं. पण ते सवयीने पुढेच झुकलेले होते, कानामागे हात तसाच. ताईला वाटलं, पोचलंच नाही. म्हणून ते शेवटचं वाक्य तिने पुन्हा एकदा सांगितलं, शब्द सुटे करून, जसं बहिऱ्या माणसाला सांगतात तसं.

बाबांनी हात खाली घेतला. "बरं," ते म्हणाले.

त्यांनी भिंग कपाळावरून काढून पुसलं. सुया जागच्या जागी ठेवल्या. मग विचारलं, "किती बिघडले?"

तिने हाताने खूण केली. सगळे.

"म्हणजे काल वर्गात वाजत होते?"

तिने होकाराची मान हलवली.

"सगळा वेळ?"

"हो," ती म्हणाली. आवाज पुन्हा तिचा नेहमीचा झाला होता, पण ओठांवरून त्यांना कळलं.

"आणि मी हसत होतो," बाबा म्हणाले.

ते स्टुलावरून उठले. दारापाशी जाऊन थांबले, परत आले, दिव्याची मान तिच्या बाजूला वळवून दिली आणि घरी गेले. समोर शिंप्याचं मशीन बऱ्याच वेळाने सुरू झालं.

पुढचे आठ दिवस ताईने एकटीने काम केलं. मापं शाबूत होती, म्हणून पुन्हा घ्यावी लागली नाहीत. एकेक मोल्ड ओतायचा, घासायचा, मापाशी फिरवायचा. बाबांच्या कानाचं नवीन माप तिने पहिल्याच संध्याकाळी घेतलं. ते खुर्चीवर मान तिरकी करून शहाण्यासारखे बसले. तो मोल्ड तिने सगळ्यांच्या आधी पुरा केला, टोचणारी जागा नीट विचारून घेऊन. तेवढी एकच जागा केसभर उतरवायला हवी होती. बाबांनी तो लावला, "उत्तम," म्हणाले. दुकानात मात्र आले नाहीत. सकाळी आईला भाजी निवडून देत, दुपारी पेपर वाचत. आईने दोन दिवस एकही टोमणा मारला नाही. तिसऱ्या दिवशी तिने ताईला दारातच गाठलं. "काय झालंय तुमच्या कंपनीत, मी विचारत नाही," ती म्हणाली, "पण त्यांना मिठाचा डबा कुठे असतो ते माहीत झालंय. मला नाही हे बघवत."

एकेचाळीसही बसले. भिंगरीने मान हलवली, उड्या मारल्या, ओरडून पाहिलं. काही निसटलं नाही. वर्गात मुलांच्या पायांचे आवाज तेवढे होते. मोठ्या बाईंनी तिथेच वर्षाच्या कामाचं पत्र सही करून दिलं, आणि म्हणाल्या, "हा तुमचा हात."

ताई ते पत्र पिशवीत न ठेवता हातात धरून घरी आली. बाबा खिडकीपाशी बसले होते.

"वाजला का एखादा?" त्यांनी लगेच विचारलं.

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही, बाबा. काम मिळालं. वर्षभराचं."

त्यांचा चेहरा उजळला. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी पत्र घेतलं, चष्मा लावून पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं आणि आईला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? मालकीणबाई झाली आपली पोरगी!"

आई बाहेर आली, पत्राकडे न बघता दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि परत आत गेली.

"उद्यापासून तुम्ही या," ताई म्हणाली. आठ दिवस हेच वाक्य तिने तयार केलं होतं. "शब्द त्या एकेचाळीसपुरता होता. आता मी बाईंना सांगेन. तुम्ही घासा, मी प्रत्येक मोल्ड तपासेन. टोक कशाला असतं ते मी तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती."

बाबांनी पत्राची घडी घातली, कडेला कड बरोबर जुळवून.

"नको, ताई."

"मी त्या दिवशी बोलले ते..."

"त्याचं काही नाही. तू बोललीस ते बरोबरच होतं." त्यांनी थोडा विचार केला. "घड्याळात काय बिघडलंय ते मला हाताला कळायचं. कान गेले तरी कळायचं. इथे माझ्या डोळ्यांदेखत पोरांची मशीनं बोंबलत होती आणि मला पत्ता नाही. आपलं चुकलेलं आपल्याला कळत नसेल तर ते काम माणसाने करू नये."

 सोळा वर्षं ती नवीन आलेल्यांना हेच शिकवत आली होती.

"तुझ्या इस्पितळातलं कोणी येत असेल तर बोलाव," बाबा म्हणाले. "एकटीला झेपायचं नाही एवढं. आणि जो कोणी येईल त्याचं काम तपासत जा. माझं तपासलं नाहीस."

"तुमचं काय तपासायचं, बाबा."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले.

त्यांनी तिला पत्र परत दिलं आणि आईला मदत करायला आत गेले. ताई उभीच होती. आतून भांड्यांचा आवाज आला, मग आईचा आणि मग बाबांचा. तिच्या नवीन मोल्डमुळे बाबांना सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. आई अगदी हळू आवाजात त्यांना विचारत होती की आता दिवसभर घरात बसून ते करणार काय, आणि ते तितक्याच हळू आवाजात तिला सांगत होते की अजून काही ठरवलेलं नाही.